परत मागितलेल्या गोळ्या

महिन्याच्या पाकिटात तीस गोळ्या यायच्या, आणि माझ्या नवऱ्याच्या पोटात त्यातल्या बारासुद्धा जायच्या नाहीत.

बाकीच्या गावात जायच्या. आमच्या नामुआत मागितलेल्या वस्तूला नाही म्हणत नाहीत. भावकीतल्या माणसानं दारात मांडी घातली आणि 'केरेकेरे' म्हटलं की विषय संपला. सुरी द्या, होडी द्या, पोरगी आठ दिवस चटया विणायला द्या. देणारा कुरकुरत नाही, घेणारा आभार मानत बसत नाही. उद्या हा मागणार, तो देणार. मी लग्न होऊन आले तेव्हा चार चांगल्या चटया आणल्या होत्या. वर्षाच्या आत तीन गेल्या. पण त्याच वर्षी मीही कुणाचं तरी शिलाईचं मशीन मागून आणलं, आणि ते अजून माझ्याकडेच आहे.

सुरी परत येते, होडी परत येते. गोळी गिळली की गेली.

"अपेनिसा, डोकं जड झालंय रे," मोसेसे यायचा. मोसेसे म्हणजे नवऱ्याचा चुलतभाऊ, दोन घरं सोडून राहणारा. "तुझी ती पांढरी एक दे."

"घे की." माझा नवरा उशाखालचा बिस्किटाचा डबा लगेच उघडायचा.

"मोसेसे, तुझं डोकं कालच्या यांगोना पिण्यानं जड झालंय," मी म्हणायची. "आठ वाट्या मारल्यास. मी मोजल्यात."

"आठ नाही वहिनी, अकरा. म्हणून तर म्हणतो, एकीनं भागणार नाही. दोन दे."

सगळे हसायचे. मीही हसायची. दोन गेल्या.

आदल्या वर्षी अपेनिसाला झटका आला होता. दालोच्या, म्हणजे अळूकंदाच्या, वाफ्यात खणता खणता खाली बसला, ओठ निळे पडले. सुव्ह्याच्या इस्पितळात अकरा दिवस ठेवला. परत आणला तेव्हा कपडे त्याच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखे लोंबत होते. मग खाडीपलीकडच्या दवाखान्यातली सिस्टर अतेथा घरी आली. सव्वीस वर्षांची मुलगी, चपला हातात धरून, ओहोटीच्या चिखलातून चालत. तिनं बिस्किटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर एक नळी काढली, आत गाळ काढला.

"हे असं साचतं. मटणाची चरबी, डब्यातलं मांस, मीठ, तंबाखू. एका दिवसात नाही, वीस वर्षांत. आणि दुखत नाही. दाब वाढलेला माणूस नाचत असतो आणि नाचता नाचता पडतो."

"मग गोळी कशाला?" अपेनिसानं विचारलं. "दुखतच नाही तर?"

"गोळी हृदयाला हळू चालायला लावते. दुखो न दुखो, रोज घ्यायची. आणि एकदा सवय लागली की एकदम तोडायची नाही. तोडली तर ते दावं तुटलेल्या घोड्यासारखं उधळतं." मग तिनं विचारलं, "तुमचे वडील कसे गेले?"

"जाळं ओढताना. एकदम."

"वय?"

"पन्नाशी असेल."

"आणि काका?"

"चर्चमध्ये, गाता गाता. सगळे म्हणाले, काय चांगलं मरण आलं."

सिस्टरनं पुठ्ठ्यावर दोन माणसं काढली आणि त्यांच्यावर काट मारली. "थोरल्या भावाला माझ्याकडे पाठवा. तुम्ही एकाच झाडाचे नारळ आहात."

थोरला भाऊ वाइसाके. आमच्या कुळाचा मुख्य. सभेत त्यांच्याआधी कुणी यांगोनाची वाटी तोंडाला लावत नाही. मी निरोप सांगितला तेव्हा ते पोट धरून हसले, आणि तेवढं पोट धरायला दोन्ही हात लागायचे.

"ती पोरगी माझ्या पोटाला टेप लावणार? लहानपणी मी तिला खांद्यावर घेऊन फिरवलंय. आता ती मला उपाशी राहायला सांगणार?"

"उपाशी नाही भावोजी, कमी खा म्हणेल."

"एकच झालं," ते म्हणाले, आणि तंबाखूची सुरळी पेटवली.

त्या साली सहा महिने पाऊस झाला नाही. दालोची पानं कडेनं जळाली, कंद मुठीएवढेच राहिले आणि शिजवले तरी घशात खवखवायचे. विहिरींना समुद्र लागला. चहा खारट, भात खारट, तोंड धुतलं तरी पापण्यांवर मीठ. सिस्टर म्हणाली होती, मीठ बंद करा. मी तिला विचारलं, विहिरीला कसं सांगू? ती हसली नाही.

मळ्यातून काही येईना, म्हणून बोटीतून येईल ते खायचं. पीठ, नूडल्स आणि डब्यातलं मांस, ज्यावर बोटभर पांढरी चरबी गोठलेली. त्यासाठी सगळं गाव खोबरं करायला लागलं. सकाळपासून वाकून नारळ वेचायचे, काठीला दोन्हीकडे बांधून आणायचे. जमिनीत रोवलेल्या लोखंडी खुंट्यावर आपटून सोडण काढायचं, फोडायचे, वाट्या भट्टीवर लावायच्या. भट्टीचा धूर डोळ्यांत, सोडणाची कूस नखांत. माझी करंगळी एकदा खुंट्याला लागली ती अजून सरळ होत नाही.

अपेनिसाला मी खुंट्याजवळ जाऊ द्यायची नाही. तो सावलीत बसून वाट्यांतलं खोबरं सुटं करायचा. बायकांचं काम. येणारेजाणारे काही म्हणायचे नाहीत. फक्त जरा जास्तच गोड बोलायचे. त्याला ते कळायचं. म्हणूनच कुणी गोळी मागितली की त्याचा चेहरा उजळायचा. घरात दुसऱ्याला द्यावं असं तेवढंच त्याच्याकडे उरलं होतं. हे मला दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणूनच मी गप्प बसायची. तिथं माझं चुकलं.

एका शनिवारी सकाळी मी डबा उघडला तर आत नुसता कापूस.

"लुईसाचे बाबा," मी म्हटलं, "गोळ्या?"

"संपल्या."

"पाकीट येऊन चौदा दिवस झालेत. तीन पट्ट्या होत्या. तीस."

तो खांबाला टेकून बसला होता. गेल्या तीन रात्री त्यानं तसंच बसून काढल्या होत्या. आडवं झालं की धाप लागायची. "मधली पट्टी आपण खाल्ली. मी आणि बाकीचे."

"पहिली?"

"दादाला दिली."

"आणि शेवटची?"

त्यानं पाय जवळ ओढून घेतले.

"तीही दादांना?"

"त्याला त्यानं बरं वाटतं, तोरिका. म्हणतो, छातीवरचा दगड उतरतो. रोज एक घेतो. परवाच मागायला आला होता. माझा मोठा भाऊ माझ्या दारात मांडी घालून बसला होता! काय सांगू त्याला?"

मी त्याच्या पायाला अंगठा लावला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. मी मनात वीसपर्यंत मोजलं, तरी तो भरला नाही.

दुकानातल्या रेडिओवरून सिस्टरला विचारलं. खरखरीतून तिचा आवाज आला. "माझ्या कपाटात त्यातली एकसुद्धा नाही. तुमच्या वाट्याच्या सगळ्या तुम्हाला दिल्या. बोट सोळा दिवसांनी. तोरिकाकाकी, तुम्ही केलंत काय त्या गोळ्यांचं?"

दुकानात पाच माणसं उभी होती. पाचांतल्या तिघांनी त्या खाल्ल्या होत्या. तिघंही छताकडं बघत होते.

मी घरी आले. केस विंचरले, चर्चची सुलू नेसले आणि निघाले. मागायलाच जायचं तर नीट जायचं. पहिलं घर मोसेसेचं. दारात मांडी घातली, मान खाली घातली.

"मोसेसे, केरेकेरे. अपेनिसाच्या गोळ्या असतील त्या दे."

तो गोंधळला. दिलेली वस्तू परत मागायची रीत आमच्यात नाही. ते थुंकी चाटण्यासारखं आहे. पण मागितलं की द्यायचं ही रीत आहे, आणि दोन रीती समोरासमोर आल्या की काय करायचं ते कुणी शिकवलेलं नव्हतं. त्याची बायको आत गेली आणि काड्यापेटी घेऊन आली. आत दीड गोळी होती.

"अर्धी मी खाल्ली," मोसेसे म्हणाला. "एक पूर्ण घेतली की चक्कर यायची."

"तेव्हाही मागायची थांबली नाही का तुझी जीभ?"

"वहिनी, अपेनिसा इतक्या मायेनं द्यायचा..." त्यानं काड्यापेटी माझ्या हातात ठेवली.

अशी नऊ घरं केली. एकीनं बायबलमध्ये ठेवली होती, पानाला चिकटलेली. एकीनं कोंबडीला घातली होती, कोंबडी पांगळत होती म्हणून. "मग?" मी विचारलं. "मेली," ती म्हणाली. एका म्हाताऱ्यानं साखरेच्या आजाराची पिवळी गोळी काढून दिली आणि रंग बदललाय म्हणाला. पाठीमागं कुजबुज सुरू झाली ती मला ऐकू येत होती. अपेनिसाची बायको दिलेलं काढून घेत हिंडतेय. एका पोरीनं मला बघून दार लोटलं. नामुआत दिवसा दार लोटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

नऊ घरांत पाच गोळ्या.

शेवटी थोरलं घर. वाइसाके भावोजी ओट्यावर नारळाची दोरी वळत बसले होते. मांडीवर काथ्या घासून घासून लाल झालेली कातडी.

"ये तोरिका. आज चर्चची सुलू? माझ्याशी लग्न करायला आलीस काय?"

आमच्याकडं दिरानं भावजयीची थट्टा करायची असते आणि तिनं तोडीस तोड द्यायचं असतं. वीस वर्षं मी दिलं. त्या दिवशी मला एक शब्द सुचेना. मी पायरीशी बसले.

"भावोजी, केरेकेरे."

दोरी थांबली. आतून माझी जाऊ वासिती बाहेर आली. मी मान वर केली नाही.

"लहान भावाच्या गोळ्या परत द्या. त्याचे पाय भरलेत. तो आडवा होऊ शकत नाही. बोट सोळा दिवसांनी येणार."

मग भावोजी म्हणाले, "मला का नाही सांगितलं त्यानं?"

"तुम्ही मागितलंत."

त्यांनी खिशातून पट्टी काढली. उशाशी वगैरे नाही, खिशात, छातीजवळ. सात शिल्लक होत्या. दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. मी घेतली आणि पोकळ टाळ्या वाजवल्या, मोठ्या माणसाकडून काही घेतल्यावर वाजवतात तशा, तीन. त्यांनीही वाजवल्या. तिसऱ्या टाळीपाशी हात नुसते एकमेकांवर ठेवले.

"घे, आता माझी छाती पुन्हा दगड वाहणार," ते हसून म्हणाले. "जा. त्याला सांग, दादा म्हणाला, गाढवा."

सिस्टरचं बोलणं माझ्या ध्यानात होतं. पुठ्ठा होता, नळी होती, काट मारलेली दोन माणसं होती. एकाच झाडाचे नारळ, हेही होतं. पण त्या घडीला माझ्या डोळ्यांपुढं एकच छाती होती, माझ्या घरातली. वाइसाके भावोजी कधी दवाखान्यात गेले नव्हते. ज्याच्या नावाचं पाकीट येत नाही तो आजारी कसा असेल?

"कुठून आणल्यास?" अपेनिसानं विचारलं.

"मागून."

"दादाकडून पण?"

"दादांकडून पण. गाढवा म्हणाले तुम्हाला."

त्यानं गोळी तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिली. मग खारट पाण्याबरोबर गिळली. मंगळवारी त्याच्या पायावरचा खड्डा दहापर्यंत मोजेस्तोवर भरला. त्या रात्री तो आडवा झोपला. मी त्याच्या छातीला कान लावून पडले होते. आत कुणीतरी शांतपणे चालत होतं.

बुधवारी सकाळी भट्टीवर माझी पाळी होती. वाइसाके भावोजी खुंट्यावर नारळ सोलत होते. कुळाचे मुख्य असले तरी हाताला काम लागायचं त्यांना, आणि त्यांच्या एका हिसक्यात जे सोडण निघायचं ते पोरांना तीन हिसक्यांत निघत नसे. मी वाट्या मांडत होते. हिसक्याचा आवाज एकदम थांबला. वळून पाहिलं तर ते खुंट्यापाशी उभे होते, नारळ हातात, जसं काही तो कुणाला द्यायचा आहे आणि समोर माणूस नाही.

"भावोजी?"

"वायू धरलाय," ते म्हणाले. "सकाळी काल रात्रीच्या नूडल्स खाल्ल्या." कपाळावरून घाम गळत होता, नाकाच्या शेंड्यावरून थेंब थेंब. भट्टी त्यांच्यापासून वीस पावलांवर होती.

"हात दुखतोय का? डावा?"

"नारळ काय उजव्या हातानंच सोलतात होय?" थट्टा करून ते खाली बसले. बसले ते बसलेच.

मी ओरडले. माणसं धावली. वासिती जाऊबाई हातातलं पीठ तसंच घेऊन आली. कुणी तरी म्हाताऱ्या उनाइसीला आणलं, जी हाडं बसवते, पोटं चोळते. तिनं खोबरेल घेतलं आणि त्यांची छाती चोळायला लागली. वर दाबून खाली ओढत होती.

"वायू अडकलाय. खाली उतरवते."

"हे वायूचं नाही," मी म्हटलं. "होडी काढा. सिस्टरकडं न्यायचं."

"तुला काय कळतं?" मोसेसे म्हणाला. रागानं नाही, भीतीनं. "उनाइसीनं माझ्या बापाला असंच बरं केलंय."

"मला कळतं! मी पाहिलंय हे! ओठ बघ त्यांचे!"

माझं कुणी ऐकेना. चार दिवसांपूर्वी मी घरोघर फिरले होते, त्याचा राग अजून लोकांच्या अंगात होता. तेल ओतत राहिले. वाइसाके एकदा ओकले आणि जाऊबाईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाले, "बरं वाटतंय." त्यात तासभर गेला असेल. मग अपेनिसा आला, घरापासून चालत, प्रत्येक झाडाला हात लावून थांबत. त्यानं भावाकडं पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "मला असंच झालं होतं." तेव्हा माणसं उठली.

दार काढलं, त्यावर त्यांना निजवलं. सहा जणांनी उचललं तरी दार वाकत होतं. एरोनीची इंजिनाची होडी भरतीला लागली. खाडी ओलांडायला वीस मिनिटं. सिस्टर अतेथा पाण्यात गुडघाभर येऊन उभी होती. तिनं जिभेखाली काहीतरी ठेवलं, एक गोळी चघळायला दिली, दंडाला पट्टा बांधला. पट्टा पुरला नाही. तिनं तो मनगटाजवळ बांधला.

"याआधी काही गोळ्या चालू होत्या?"

"नाही," जाऊबाई म्हणाली. "हां, धाकट्याच्या घेत होते. रोज. बरं वाटायचं त्यांना त्यानं."

"रोज? किती दिवस?"

"पंधरा-वीस दिवस झाले."

"शेवटची कधी घेतली?"

"आजसुद्धा घेतली असेल की. खिशात असतात." जाऊबाईनं त्यांच्या खिशात हात घातला.

"नाही," मी म्हटलं. "शनिवारी घेतली शेवटची. शनिवारी मी परत मागून नेल्या. सात होत्या."

सिस्टरचे हात थांबले. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. जाऊबाईचा हात अजून खिशातच होता. तिला ठाऊक होतं, तिच्यासमोरच मी त्या नेल्या होत्या. पण सकाळपासून ती ते विसरून गेली होती. आता तिला ते आठवलं, माझ्यादेखत, आणि दोन्ही गोष्टी जोडल्या गेल्या.

"मोठ्या इस्पितळात न्यायला हवं," सिस्टर म्हणाली. "आत्ता. मीही येते."

बेटाला वळसा घालून तीन तास. बाहेरच्या समुद्रात वारा समोरून होता. होडी प्रत्येक लाटेवर उचलली जायची आणि आपटायची, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या तोंडावर पाणी यायचं. जाऊबाई त्यांच्या डोक्याशी बसली होती, चेहऱ्यावर हात आडवा धरून. मी पायाशी होते, त्यांच्या टाचा धरून. टाचांना भेगा होत्या, भेगांत खोबऱ्याचा चुरा.

एकदा त्यांनी डोळे उघडले. मी वाकले. "भावोजी," मी म्हटलं, "भावोजी, मी..."

"चर्चची सुलू कुठाय?" ते पुटपुटले.

मला हसावं लागलं. उलटून काही बोलायचं माझं काम होतं, ते आताही मला जमलं नाही.

पश्चिमेच्या टोकाशी पोचायच्या आधी सिस्टर त्यांच्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबायला लागली. होडी हलत होती, तिचे हात घसरत होते, ती मोठ्यानं आकडे म्हणत होती. तिनं सांगितलं म्हणून मीही दाबलं, ती दमली की मी, मी दमले की ती. कितीतरी वेळ. मग ती थांबली आणि बोटं त्यांच्या गळ्याला लावून बसली. मग तिनं बोटं काढली.

इंजिन चालूच होतं. एरोनीनं मागं वळून पाहिलं, वेग कमी केला.

जाऊबाईचा हात अजून त्यांच्या चेहऱ्यावर आडवा होता. तिनं मला शिवी दिली असती तर मी ती दोन्ही हातांनी घेतली असती. समुद्रात ढकललं असतं तरी मी होडीची कड धरली नसती.

"तोरिका," ती म्हणाली. आवाज सोडणासारखा कोरडा. "अपेनिसाला आजची दिलीस?"

मला आधी कळलंच नाही.

"गोळी. आजची दिलीस का त्याला?"

"नाही," मी म्हटलं. "पहाटेच भट्टीवर आले. मग गडबडीत राहिली. गोळ्या आता मीच लपवून ठेवते."

तिनं मान हलवली, पीठ संपलंय असं ऐकल्यासारखी. मग एरोनीकडं तोंड करून ओरडली, वाऱ्यातून ऐकू जावं म्हणून मोठ्यानं:

"फिरव! घरी यांच्या भावाची गोळी राहिलीय!"

एरोनीनं सिस्टरकडं पाहिलं. सिस्टरनं डोळे पुसले आणि मान डोलावली. होडी वळली. लाटा आता पाठीमागून येत होत्या, पाणी तोंडावर उडत नव्हतं. तरी जाऊबाईनं त्यांच्या चेहऱ्यावरचा हात काढला नाही.